शंखशोधनात निंबूरस की लिंबूफूल?

शंखशोधनासाठी लिंबाच्या रसाऐवजी पाण्यात विरघळविलेले लिंबूफूल चालेल काय, अशी पृच्छा औषधनिर्माते करीत असतात. उत्तरापूर्वी हे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, कसे सिद्ध होते ते पाहणे आम्हास आवश्यक वाटते.

लिंबाच्या रसातून हे आम्ल शेले याने १७८४ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे १९१७ मध्ये करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे सामर्थ्य दाखविले आणि उत्पादन किण्वनाकडे वळले. आज लिंबूफुलाचा लिंबाशी संबंध बव्हंशी नावापुरताच आहे! मळी किंवा स्टार्चपासून केलेल्या शर्करेवर बुरशी वाढवितात. किण्वनान्ती द्रवात आम्लासोबत उरलेली शर्करा, प्रथिने, रंगद्रव्ये व थोडे ऑक्झॅलिक आम्लही असते. बुरशी गाळून, द्रव तापवून त्यात चुना घालतात. तेव्हा कॅल्शियम सायट्रेटचा साका बसतो. हे लवण थंड पाण्यापेक्षा उष्ण पाण्यात कमी विरघळते, म्हणून धावनही उष्णोदकानेच करतात. नंतर सल्फ्युरिक आम्लाने जिप्सम खाली बसते व सायट्रिक आम्ल मोकळे होते. एक टन आम्लामागे टनाहून अधिक जिप्सम निघते. पुढे सक्रिय कोळसा, आयन-विनिमय राळ, निर्वात बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण. काही कारखाने चुन्याऐवजी द्रावकाने निष्कर्षण करतात.

औषधसंहितेत सल्फेट व ऑक्झॅलेट यांच्या परीक्षा का आहेत, हे यावरून ध्यानी येईल. द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल व बेरियम क्लोराइड घातल्यावर गढूळपणा आला, तर सल्फेट उरले आहे असे जाणावे. सजल प्रकारात सुमारे साडेआठ टक्के पाणी असते, हेही वजन करताना विसरू नये.

आता शंखाकडे वळू. शंख म्हणजे प्रायः कॅल्शियम कार्बोनेट. दोलायंत्रात निंबूरसात तो स्विन्न होताना त्यावर हेच कॅल्शियम सायट्रेट तयार होते; कारखान्यातील पहिली पायरीच जणू आपल्या पात्रात घडते. एवढ्यापुरते पाहिले तर रस व लिंबूफूल यांत भेद नाही, हे आम्ही मान्य करतो. कांजीची गोष्ट निराळी. तिच्यातील लॅक्टिक आम्लाचे कॅल्शियम लवण उष्ण द्रवात विरघळून जाते. ते आम्ल शुद्ध करणे कारखान्यांनाही कठीण जाते, आणि बाजारात ते बहुधा द्रवरूपातच मिळते.

तथापि रसातील शर्करा, क्षार, क जीवनसत्त्व व फ्लॅव्होनॉइडे लिंबूफुलात नाहीत; शुद्धीकरण म्हणजे त्यांचे निष्कासनच. शिवाय १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार शास्त्रोक्त औषध प्रथम परिशिष्टातील ग्रंथांच्या पाठानुसारच व्हावयास हवे. पाठात निंबूरस असेल तेथे निंबूरसच घ्यावा. सरबतासारख्या स्वतंत्र कल्पात आम्लतेसाठी लिंबूफूल घालण्यास प्रत्यवाय नाही. मात्र ते संहितामान्य दर्जाचे घ्यावे व प्रत्येक खेपेचे परीक्षणपत्र दप्तरी ठेवावे.