दुपारच्या ताटात भाजी आधी वाढा

रक्तातली साखर वाढलेला रुग्ण समोर बसला की औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारतो, दुपारी काय जेवता? सातारा असो की सांगली, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. दोन मोठ्या भाकरी किंवा तीन-चार चपात्या, आमटी, वर भात आणि भाजी म्हणून बटाटा. हिरवी भाजी असलीच तर तोंडी लावण्यापुरती. पुढचं वाक्यही ओळखीचं आहे : "डॉक्टर, गहू बंद केलाय, शाळूची भाकरीच खातो." शाळू चांगलाच आहे, पण तेही पिठूळ धान्यच. दोन मोठ्या भाकरींनी साखर चढतेच. ती सावकाश चढावी असं वाटत असेल तर भाकरी एकावर आणा आणि शेजारची भाजी दुप्पट करा. जेवताना कोशिंबीर आणि भाजीचे चार घास आधी घ्या, मग भाकरी मोडा. भाजीतल्या तंतूंमुळे अन्न पोटातून हळूहळू पुढे सरकतं, साखर रक्तात एकदम उतरत नाही आणि पोटही भरलेलं राहतं. चारच्या सुमाराला फरसाणाचा डबा उघडावासा वाटतो, त्याचं मूळ अनेकदा दुपारच्या ताटात असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत 2000 कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत आणि त्यांपैकी 100 ग्रॅम पालेभाज्या. हे कच्च्या भाजीचं वजन. त्यातली निम्मी दुपारी खायची म्हटलं तर चौघांच्या एका जेवणाला 800 ग्रॅम भाजी लागते. आपल्याकडे पाव किलो गवारीत चौघांचं जेवण उरकतं. बटाटा आणि रताळं या हिशेबात धरू नका. जागतिक आरोग्य संघटनाही फळं-भाज्यांच्या मोजमापात हे कंद धरत नाही.

"माळवं महाग झालंय" हे मी रोज ऐकतो आणि ते खरंही आहे. पण कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठच्या गावांत काही भाज्या विकत घ्याव्याच लागत नाहीत. भांगलायला गेलेल्या बायका खुरप्याने जे उपटून बांधावर टाकतात, त्यात तांदुळजा असतो, घोळ असते, पाथरी असते. पाथरीचा कोवळा पाला भाकरीबरोबर कच्चा खाणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्याच बायकांच्या गाठोड्यात मात्र दुपारी भाकरी, खरडा आणि कांदा एवढंच निघतं. हे पाहून मला फार वाईट वाटतं. उपटलेल्या तणातली ओंजळभर भाजी घरी नेली तर दुसऱ्या दिवशीचं कोरड्यास होईल. एक अट मात्र कडक पाळायची : ज्या रानात किंवा उसाच्या बांधावर तणनाशक मारलं असेल तिथली भाजी अजिबात घ्यायची नाही. आपली ओळख नसलेला पालाही तोडायचा नाही.

बायकांविषयी आणखी सांगायचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अनेक घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तोवर भाजीची कढई रिकामी झालेली असते. तिच्या वाट्याला उरलेली आमटी आणि भाकरी येते. लोहाच्या गोळ्या मी लिहून देतो, त्या हव्याच. पण घरातल्यांनी तिची भाजी आधी बाजूला काढून ठेवली नाही तर गोळ्यांचा कोर्स संपल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा दवाखान्यात येते. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. त्यावर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा उलट काम करतो. चहा तासाभराने घ्या.

भाजी शिजवण्याच्या रीतीकडेही लक्ष द्या. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत निखाऱ्यावर भाजून, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि दही घालून केलं तर तेलाचा थेंबही लागत नाही. तेच वांगं तळून मसाल्यात टाकलं की ते तेल पिऊन घेतं. मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल पुरे आहे, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. महिन्याच्या किराण्याच्या यादीशी हा आकडा ताडून पाहा. मेथी, शेपू, चाकवत, पोकळा, करडई उकडून पाणी ओतून देऊ नका, त्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. आधी निवडून धुवा, मग चिरा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो रात्री भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण शिजवला तर दुपारी प्रथिनांची चांगली सोय होते. तो अर्धकच्चा खाल्ला तर उलट्या होऊ शकतात. भोगीला आपण घेवडा, पावटा, गाजर, वांगी, ओला हरभरा आणि तीळ एकत्र घालून भाजी करतो, बाजरीच्या भाकरीशी खातो. अख्ख्या थंडीत ही भाजी आठवड्यातून एकदा करायला काय हरकत आहे? मला तर दुपारच्या जेवणाचा याहून चांगला नमुना माहीत नाही.

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या वाचकांना उन्हाळ्यात ताजी भाजी मिळवणं अवघड जातं. तिथे हिवाळ्यात सावलीत वाळवलेली हरभऱ्याची भाजी आणि मेथी उपयोगी पडते. परसात शेवग्याचं एक झाड लावा. त्याला पाणी कमी लागतं आणि शेंगांइतकाच त्याचा पालाही मोलाचा आहे.

आता बाहेरच्या जेवणाबद्दल. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराडपासून पुढे इस्लामपूरच्या बाजूला अख्खा मसूर मिळतो. मला विचाराल तर हॉटेलातल्या जेवणात हा चांगला पर्याय आहे, कारण सालासकटच्या मसुरीत प्रथिनंही आहेत आणि तंतूही. फक्त वरची तर्री कमी घालायला सांगा, रोटीऐवजी भाकरी मागवा आणि शेजारी एक हिरवी भाजी घ्या. चौघे बसलात की पनीर, काजू करी आणि दोन-तीन लाल रश्शांच्या भाज्या मागवल्या जातात. त्या साऱ्यांचा रस्सा पुष्कळदा एकाच पातेल्यातला असतो : कांदा, काजू, तेल, मीठ, वर लोणी. त्यातली एक ठेवा, बाकीच्यांऐवजी मेथी, भरीत किंवा साधी मिसळभाजी सांगा. "तेल कमी टाका" म्हणायला लाजू नका. ताजी भाजी करणारा आचारी एवढं नक्की ऐकतो. जेवणाबरोबर शीतपेयाऐवजी ताक घ्या.

कच्च्या भाजीबाबत मात्र मी सावध राहायला सांगेन. काउंटरवर दुपारपासून कापून ठेवलेली काकडी, कोबी, टोमॅटो खाऊ नका. टायफॉइड आणि कावीळ या वाटेने येतात, पावसाळ्यात जास्तच. नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोहोचून फिट येण्याचा धोका असतो. समोर कापून मिळत असेल तर घ्या, नाहीतर कोशिंबिरीची हौस घरीच भागवा. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाजर-मुळ्याच्या जुड्या घेतल्यात तर गाडीत बसून लगेच खाऊ नका, स्वच्छ पाण्यात आधी खळखळून धुवा.

हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्यांतलं पोटॅशियम बाधू शकतं, तिथे भाजी उकडून पाणी टाकावं लागतं आणि प्रमाण डॉक्टरच ठरवतात. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण आज भरपूर आणि पुढचे आठ दिवस काहीच नाही असंही करू नये. मुतखडा झालेल्यांनी रोजच्या रोज पालक टाळून मेथी, दुधी, दोडका आलटून पालटून खावा.

येत्या आठवडी बाजारात घरातल्या पुरुषांनीही पिशवी घेऊन जावं, दोन पालेभाज्या आणि दोन फळभाज्या आणाव्यात आणि निवडायलाही बसावं. दुप्पट भाजी म्हणजे दुप्पट निवडणं, चिरणं. ते सगळं एकट्या बाईच्या अंगावर पडलं तर हा बदल आठवडाभरही टिकणार नाही.