भागीदारी सोडताना

भागीदारी जुळते तेव्हा करारपत्र होते, पेढे वाटले जातात. ती सोडताना मात्र पुष्कळदा एक ओळही कागदावर येत नाही. 2008 च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था, व्यवहारात ज्यांस ‘एलएलपी’ म्हणतात, त्यांपुरता हा विषय आपण येथे पाहू.

सोडण्याची रीत करारात असल्यास ती पाळावी. नसल्यास कलम 24 प्रमाणे इतर भागीदारांस निदान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रागाने किल्ल्या टाकून निघून गेल्याने भागीदारी सुटत नाही.

घरात ठरलेली गोष्ट बाहेरच्या व्यापाऱ्यास कशी कळावी? त्यास सूचना मिळेपर्यंत, अथवा रजिस्ट्रारकडे नोटीस पोहोचेपर्यंत, त्याच्यापुरता तो गृहस्थ भागीदारच समजला जातो. त्याने जुन्या ओळखीवर उधार माल उचलला, तर ते देणे संस्थेच्या माथी येऊ शकते. म्हणून संस्थेने 30 दिवसांच्या आत रजिस्ट्रारास कळवावयाचे असते. ती कळविणार नाही असे मानण्यास रास्त कारण असल्यास बाहेर पडणाऱ्यास स्वतः कळविता येते. भाऊबंदांत हे अविश्वासाचे लक्षण मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे अशी आज्ञा कुराणातही आहे.

आता हिशेब. तिघे समान भागीदार आहेत. जाणाऱ्याने 2,00,000 रुपये भांडवल घातले आहे आणि साठलेला नफा 1,50,000 आहे असे धरू. त्यास भांडवल व नफ्याचे 50,000 मिळून 2,50,000 रुपये मिळावयास हवेत. उलट 90,000 तोटा साठला असेल, तर 30,000 वजा होऊन 1,70,000 उरतात. ही रीत करार वेगळे सांगत नसेल तेव्हाची. पेढीच्या नावलौकिकाच्या किमतीचा या कलमात उल्लेख नाही. वीस वर्षे खपून पेढीचे नाव ज्याने केले, त्याने ती आरंभीच करारात लिहून घ्यावी हे बरे.

पैसे हाती आले म्हणजे सारे संपले असेही नाही. भागीदार असताना अंगावर घेतलेली बंधने केवळ सोडल्याने फिटत नाहीत. बँकेस वैयक्तिक हमी दिली असल्यास तो करार निराळा. बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी.

दोघांपैकी एक गेला तर मागे राहिलेल्याने दुसरा भागीदार लवकर शोधावा. हे ठाऊक असून सहा महिन्यांपलीकडे त्याने एकट्याने धंदा चालविला, तर त्या काळातील देण्यांस तो जातीने जबाबदार धरला जातो. तेवढ्यापुरते मर्यादित दायित्वाचे छत्र त्याच्या डोक्यावर राहत नाही.