ओटा कुणाच्या उंचीचा?

दौंड, रविवार

चि. सोन्यास,


केडगावच्या घराचं स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून तू पाठवलेला नकाशा मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. रंगीत आहे, झकपक आहे. दादाला मी फोनवर विचारलं, तर म्हणाला, ‘पोरगा करतोय ते चांगलंच असणार.’ वहिनीला विचारलं, तर म्हणाली, ‘मला काय, काहीही चालेल.’ हे ऐकलं आणि तुला पत्र लिहायला बसले. तुझ्या आईचं ‘काहीही चालेल’ मी चाळीस वर्षं ऐकते आहे. हा होकार नाही रे. आपल्याला कुणी नीट विचारणार नाही हे धरून चालणाऱ्या बाईची ती सवय आहे.

त्या खोलीशी माझंही नातं आहे. आप्पांनी घर बांधलं तेव्हा मी शाळेत होते. कोपऱ्यात चूल होती, चुलीला वैल, बाजूला उतरंड, भिंतीतलं फडताळ आणि पलीकडे मोरी. सगळा स्वयंपाक बसून व्हायचा. गॅस आला तसा ओटा आला आणि आई उभी राहिली. तो ओटा बांधायला आलेला गवंडी चांगला पावणेसहा फूट उंच होता. त्याने स्वतःच्या कमरेला हात लावला, भिंतीवर कोळशाची रेघ ओढली आणि तेवढा ओटा बांधला. 34 इंच. आईनं त्याच्यावर दिवस काढले, मग वहिनी आली. वहिनी चार फूट अकरा इंच. ओट्यावर शेगडी ठेवली की वर पाच इंच गेले, म्हणजे 39. तिचं कोपर जमिनीपासून साधारण 37 इंचांवर येतं. भाजी परतताना दर वेळी हात खांद्यातून उचलावा लागतो. तिचा उजवा खांदा दुखतो, तो वयामुळे असं तुम्ही समजता. मला विचारशील तर त्या कोळशाच्या रेघेमुळे दुखतो. आणि तुझ्या नकाशात ओटा 36 इंच लिहिलाय.

म्हणून पहिली गोष्ट. काही तोडण्याआधी आईला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी कर, कोपर काटकोनात वाकवायला सांग आणि टेप लाव. चिरण्या-निवडण्याचा ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली. शेगडीच्या जागी ओटा आणखी उतरव, म्हणजे शेगडीसकट हिशेब जुळेल. उंची एकच ठेवली पाहिजे असा काही नियम नाही. आणि भाकरीचं विसरू नकोस. पोळी लाटायला मनगट लागतं, भाकरी थापायला अंगाचा भार लागतो. उंच ओट्यावर परात ठेवून बाजरीची भाकरी थापून बघ एकदा, मग कळेल. आपल्याकडे दोन्ही वेळेला भाकरी असते. एका टोकाला 27-28 इंचांचा बुटका कट्टा दे. तिथेच पीठ मळता येईल, आणि गुडघे कुरकुरतील त्या दिवशी स्टूल घेऊन बसताही येईल.

दुसरं, आठ दिवस नुसता बघ. सुट्टी काढून ये आणि चहा घेत कोपऱ्यात बस. पाण्यापासून शेगडीपर्यंत आई किती वेळा जाते, मिठाची बरणी कुठे ठेवते, कुकरची शिट्टी झाली की कुठून धावत येते, सगळं कागदावर मांड. हा काही माझाच शोध नाही. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आत जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटर जागा. बायकांना कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात ते मोजून त्यांनी ओटे-कप्पे बसवले, आणि नमुना डोळ्यासमोर ठेवला तो आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा. तुझ्या काकांची सगळी नोकरी दौंड जंक्शनवर गेली, त्यामुळे मला हे पटकन पटलं. पँट्री कारमध्ये माणूस एका जागी उभा राहून चार बाजूंना हात पोचवतो. आज तू ज्याला मॉड्युलर म्हणतोस, त्याची आजी ती.

पण त्या आजीचा एक दोष तुझ्या नकाशातही उतरलाय. ते स्वयंपाकघर एकट्या बाईसाठी होतं. दुसरी आत शिरली की कोपराला कोपर. आपल्याकडे महालक्ष्म्यांना मी, तुझी काकू, वहिनी आणि शेजारच्या दोघी, अशा पाच जणी त्या खोलीत असतो. पाच जणींसाठी रोजचं स्वयंपाकघर बांधायला मी सांगत नाही. रोजचं काम दोघींना पुरेल असं कर, आणि पुरणाचा घाट, कुरडयांचा चीक, पाहुण्यांचा स्वयंपाक यासाठी मागच्या पडवीत एक गॅसची जागा, एक नळ आणि एक दिवा दे. तेवढ्यावर सण निघतो.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. तुझ्या अंदाजपत्रकात ट्रॉल्या, शटर, टाइल्स, चिमणी यांची पानंच्या पानं आहेत, आणि नळ-वायरिंगला दोन ओळी. हे उलटं झालं. पैसा आधी भिंतीच्या आत घाल, उरला तर बाहेर.

मागची भिंत बघ. खालून दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा लागलाय, हात फिरवला की पोपडे पडतात. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तशी जमिनीत ओल मुरत गेली आणि ती विटांतून वर चढते. तशा भिंतीवर टाइल्स चिकटवल्या तर दोन पावसाळ्यांत ठणठण वाजायला लागतील. खराब गिलावा विटेपर्यंत खरवडून काढ, भिंत महिना दीड महिना उघडी ठेवून वाळू दे, बाहेरच्या बाजूचं पाणी भिंतीपासून लांब काढ, आणि मगच नवा गिलावा. ठेकेदार घाई करेल. त्याला करू दे, तू करू नकोस.

मधली भिंत पाडून हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं तुझ्या मनात आहे. त्या घराला कॉलम-बीम नाहीत, भिंतीच स्लॅब पेलतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष घर दाखवल्याशिवाय त्या भिंतीला छिन्नी लागता कामा नये. तिच्यात एखादी खिडकी काढून ताटं पलीकडे द्यायची सोय होईल कदाचित, तीही त्याला विचारून.

वायरिंग तर आप्पांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. फ्रिज, मिक्सर, पाण्याचं यंत्र आणि उद्या इंडक्शन, एवढा भार त्या तारेवर टाकू नकोस. जड उपकरणांना 16 अँपिअरचे वेगळे पॉइंट, नवी तांब्याची तार, चांगलं अर्थिंग आणि वीज गळली की प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं हवंच. ओल्या हाताने स्विच दाबणाऱ्या घरात हा डबा म्हणजे कवच आहे. सिंकच्या डोक्यावर स्विच नको.

पाण्याचं सांगायचं तर आपल्याच गावाकडे बघ. पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली ती आधी फळबागेसाठी, तिच्या उत्पन्नावर त्यांची शारदा सदन ही संस्था चालावी म्हणून. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, त्या याच जमिनीवर राहिल्या, आणि त्यातूनच मुक्ती सदन उभं राहून वाढत गेलं. 1900 च्या सुमाराला तिथे दीड हजारांहून जास्त माणसं जेवत होती. सुरुवातीला राहायला तंबू आणि झोपड्या, पण विहिरी खणायला त्यांनी उशीर केला नाही. एवढ्या पंगती उठत होत्या त्या विहिरींच्या जिवावर. आपलं घर चार माणसांचं, पण क्रम तोच ठेव. आधी पाणी येणार कुठून आणि जाणार कुठे ते ठरव. सिंकच्या नळीला फुटामागे पाव इंच उतार मिळालाच पाहिजे, आणि वळणावर झाकण उघडून साफ करता येईल अशी जागा. बोअरचं पाणी जड आहे, चकचकीत काळ्या सिंकवर आठ दिवसांत पांढरे डाग दिसतील. साधं स्टीलचं खोल सिंक घे. आणि मागची मोरी मोडू नकोस. पातेली, परात, लोखंडी तवा हे सिंकमध्ये मावत नाहीत, मोरीतच घासले जातात.

लाकडाबद्दल एक कडू अनुभव सांगते. दौंडच्या घरी मी हौसेनं खालपासून वरपर्यंत तयार कपाटं बसवली. ठेकेदार म्हणाला, ‘ताई, एकदम वॉटरप्रूफ.’ तिसऱ्या वर्षी सिंकखालची फळी बिस्किटासारखी फुगली, चौथ्या वर्षी मागून वाळवी निघाली. चूक माझीही होती. फळी कशाची आहे ते मी विचारलंच नव्हतं, नुसता रंग पाहिला होता. आत भुशाची दाबलेली फळी निघाली. तू ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे कर आणि त्यांना फक्त दारं लाव. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्यानं तो फुगत नाही. मात्र ओट्याच्या वर कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच-ताक सांडलं की त्याचं पॉलिश जातं. वर ग्रॅनाइट घाल. दारांसाठी प्लायवूड घेशील तर त्यावर पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा आयएस 710 हा शिक्का स्वतः वाचून घे.

ट्रॉल्या दोन-तीनच पुरेत. त्या आठवड्याचा किराणा आणणाऱ्या फ्लॅटसाठी बरोबर आहेत. आपल्याकडे वर्षाची ज्वारी-बाजरी भरतात, गुऱ्हाळावरून गुळाची ढेप येते, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे डबे भरतात, काळा तिखट मसाला बरण्यांतून राहतो. हे वजन तारेच्या जाळीवर ठेवलंस तर रूळ वाकतील. कोठीची खोली मोडून तिथे फ्रिज ठेवायचा बेत केलायस, तो रद्द कर. कोठी आहे म्हणून स्वयंपाकघर लहान असूनही चालतं. आणि वरच्या कपाटांचा खालचा कप्पा आईचा हात टाचा न उचलता पोचेल तिथेच यायला हवा. त्याच्या वर जे जाईल ते दिवाळीलाच खाली येतं.

गॅसचं नीट ऐक. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो. सिलिंडर कपाटात ठेवणार असशील तर कपाटाच्या दाराला तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. गळतीसाठी 1906 हा नंबर कपाटाच्या दारावर ठळक लिहून ठेव.

चिमणी हवी असेल तर धूर नळीनं बाहेर टाकणारी घे, नुसती हवा गाळून खोलीतच सोडणारी नको. मिरच्या भाजल्या की खाट उठते, ती गाळणीनं अडत नाही. आणि एक्झॉस्ट फॅन पश्चिमेच्या भिंतीत बसवू नकोस. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, पंखा बाहेर ढकलेल ते वारा परत आत आणून टाकेल. पूर्वेच्या भिंतीत वर लाव.

आता त्या खिडकीकडे येते, कारण सगळ्यात जास्त मला तीच टोचली. नकाशात पूर्वेची खिडकी बुजवून तिथे वरची कपाटं दाखवलीत. तुझ्या आईला त्या खिडकीतून रस्ता दिसतो. दौंडची लोकल केडगाव स्टेशनात थांबली की पाच-सात मिनिटांनी माणसं तिकडून चालत येतात. तू पुण्याला कॉलेजला होतास ना, तेव्हा तुझी सायकल दिसली की ती तवा ठेवायची. तुझी भाकरी गरम असायची ती काही योगायोगानं नाही. अजूनही ती त्याच खिडकीपाशी उभी राहून भाजी निवडते, रस्त्यावरच्या चार बायकांशी बोलते. दिवसातले पाच-सहा तास ज्या खोलीत काढायचे, तिथून बाहेरचं जग दिसायला नको का? खिडकी राहू दे. जमलंच तर सहा इंच रुंद कर, आणि चिरायचा ओटा तिच्याखाली घे.

काम दिवाळीनंतर काढ. थंडीत भिंती वाळतात आणि पापडांच्या आधी सगळं उरकतं. अंदाजाच्या वर पाचातला एक हिस्सा पैसा बाजूला ठेव, जुनं घर उघडलं की काहीतरी निघतंच. काम चालेल तेवढे दिवस आईला पडवीत चूल मांडून देऊन ‘चालव तू’ म्हणू नकोस. शेगडी, पाणी, दिवा, आडोसा, सगळं लावून दे. आणि त्या दिवसांत एक वेळचा डबा बाहेरून आणलास तर गावात कुणी नाव ठेवणार नाही. ठेवलं तर माझं नाव सांग.

तू स्वतःच्या कमाईतून आईबापांसाठी हे करतोयस, याचं मला फार कौतुक आहे. म्हणूनच एवढं बारीक लिहिलं. त्या गवंड्याचा हेतूही वाईट नव्हता. त्यानं ओटा चोख बांधला, अजून एक चीर गेलेली नाही. त्याला वापरणारी कोण, एवढंच त्यानं विचारलं नाही.

आता पुढच्या रविवारपर्यंत मला तीन आकडे कळव. आईचं कोपर जमिनीपासून किती, तिचा वर पोचलेला हात किती, आणि सकाळच्या स्वयंपाकात पावलं किती. ‘काहीही चालेल’ म्हणाली तर ऐकू नकोस. टेप हातात घेऊन उभा राहा. ती हसेल, ‘वेडा झालास का’ म्हणेल, आणि मग हळूच सांगायला लागेल.

दादा-वहिनींना नमस्कार. तुला आशीर्वाद.

तुझी,
आत्या