शाळा सुटल्यानंतरचे दोन तास



दिवाळी झाली की पाथरी, सोनपेठच्या बाजूची कित्येक घरे कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. लेकरे एक तर आईबापाबरोबर फडावर जातात, नाहीतर आजीपाशी राहतात. मागे राहणाऱ्यांच्या जेवणासाठी शासनाची हंगामी वसतिगृह योजना आहे. पण शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या मुलाने जायचे कुठे?

या प्रश्नाला आम्ही आधी चुकीचे उत्तर दिले. सभागृह उघडले, सतरंज्या टाकल्या आणि गृहपाठ करून घेऊ लागलो. मुले फळ्यावरची उत्तरे सुबक अक्षरांत उतरवून घेत. महिन्याभराने चौथीतल्या एका मुलीला तिनेच लिहिलेली ओळ वाचायला सांगितली. ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. वही पूर्ण होती. वाचता मात्र एक शब्द येत नव्हता.

१९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची रीत आम्ही मग उचलली. इयत्ता बाजूला ठेवायची. मुलाला अक्षर वाचता येते, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट, एवढेच पाहायचे आणि त्याप्रमाणे गट करायचे. २००५ पासूनची ‘असर’ पाहणीही याच पायऱ्यांनी वाचन तपासते. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला ही परीक्षा फारच साधी वाटते. आम्हांलाही वाटली होती. चौथीतल्या मुलीला दुसरीतल्यांशेजारी बसायची लाज वाटते, म्हणून गटांना झाडांची नावे दिली. शिकवायला मोठी पदवी लागत नाही. ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ बहुधा त्याच वस्तीतल्या, शालेय शिक्षण झालेल्या मुली असत.

संत जॉन बॉस्को यांनी १८४१ मध्ये तुरिनला हे काम आरंभले, तेव्हा त्यांच्याकडे येणारी पुष्कळ मुले गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, खेड्यांतून हंगामी कामाला आलेली होती. त्यांच्यासाठी पुढे संध्याकाळचे वर्ग निघाले.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्या वर्गाला येणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. एका आजोबांनी सरळ विचारले, “फादर, हितं तुमची प्रार्थना शिकवता का लेकरायला?” प्रश्न रास्त होता. धर्मशिक्षण रविवारी, आपल्याच मुलांसाठी असते. या वर्गात ते नाही, हे आम्ही दारातच सांगितले आणि त्यांना आत बसवून घेतले. ते तीन दिवस येऊन बसले. चौथ्या दिवशी दोन नातवंडांबरोबर शेजारची तीन मुलेही घेऊन आले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद आईवडील किंवा पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आईवडील फडावर असताना त्या खुर्च्या रिकाम्या राहतात. सभासद नसलेल्या आजीलाही शाळेत जाऊन नातवाची चौकशी करता येते, पण एकटीला तिथे बिचकायला होते. आपल्या महिला मंडळातील दोघी तिच्यासोबत गेल्या तर बरे होईल.

होळीपर्यंत आठवड्याची एक संध्याकाळ ज्यांना देता येईल, त्यांनी आज मिस्सानंतर आपला वार सांगावा. वार नक्की नसेल तर घाईने नाव देऊ नये. मागच्या हंगामात शिकवणारे कुणी न आल्याने पाच मुले तासभर पायरीवर बसून परत गेली होती.