केसांचे नासूर : साधे आणि गुंतागुंतीचे

ज्याविषयी घरातही बोलण्याचा संकोच वाटतो, असे एक दुखणे म्हणजे माकडहाडाजवळील केसांचे नासूर होय. वैद्यकात त्यास ‘पायलोनायडल सायनस’ म्हणतात. हॉजेस यांनी 1880 मध्ये दिलेल्या या लॅटिन नावाचा अर्थ ‘केसांचे घरटे’ असा आहे. नितंबांमधील खाचेत साचलेले केस घर्षणाने त्वचेत शिरतात, पू होतो आणि आत नळी तयार होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत हा विकार इतका आढळला की, त्यास ‘जीपचा रोग’ असे नाव पडले. घोड नदीकाठच्या इनामगावात दिवसभर ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणासही तो होऊ शकतो.

दोन प्रकार, दोन उपाय

मध्यरेषेवर एक-दोन छिद्रे व आखूड नळी असल्यास विकार साधा समजावा. नळीस फाटे फुटून बाजूस तोंडे पडली असतील, अथवा शस्त्रक्रियेनंतर विकार उलटला असेल, तर तो गुंतागुंतीचा होय.

साध्या विकारात छिद्रे कापून केस काढण्याची लहान शस्त्रक्रिया बहुधा पुरते व रुग्ण लवकर कामावर जातो. गुंतागुंतीच्या विकारात मात्र सर्व रोगट भाग काढावा लागतो. मग जखम उघडी ठेवल्यास विकार उलटण्याचा संभव कमी असतो. परंतु ती भरण्यास कित्येक आठवडे लागतात. मध्यरेषेवर टाके घातल्यास ती लवकर भरते, पण उकलण्याचा व विकार उलटण्याचा धोका वाढतो. यावर ग्रीक शल्यचिकित्सक कारिडाकिस यांनी 1973 मध्ये टाके एका बाजूस नेण्याची पद्धत मांडली. लिंबर्ग पद्धतीत शेजारच्या त्वचेचा समभुज चौकोनी तुकडा फिरवून खोल खाच सपाट केली जाते. कोक्रेन संस्थेने 2010 मध्ये 26 चाचण्यांचा आढावा घेऊन, टाके घालावयाचे असल्यास ते मध्यरेषेपासून दूरच असावेत, असा निष्कर्ष काढला.

यावरून, एका प्रकारातील यश दुसऱ्याला लावून चालत नाही, हे स्पष्ट होते. शेजाऱ्याला लहान शस्त्रक्रियेने गुण आला, म्हणून आपल्यालाही येईल असे मानू नये. केवळ पू काढून टाकणे म्हणजेही रोगमुक्ती नव्हे.

वर्गात बाकावर बसण्यास टाळणारा विद्यार्थी अथवा वारंवार ‘गळू’ होणारा तरुण आढळल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून शल्यचिकित्सकाकडे जाण्यास सांगावे. संकोचापायी गेलेला वेळ साध्या विकारास गुंतागुंतीचा करू शकतो. शस्त्रक्रियेनंतरही ती जागा स्वच्छ व केसरहित ठेवणे अगत्याचे आहे.