‘चिकटत नाही’ हे उत्तर नव्हे, गं!

अगं, तो डाया-पॅरा-फेरोचा तीन रकान्यांचा तक्ता आधी मिटून ठेव बघू. वहीचा फोटो पाठवलास तो पाहिला मी. हायलायटर मारून सजवलायस छान, पण ती बिस्मथ, अँटिमनी, मँगनीज, प्लॅटिनम अशी नावं तू घोकणार आणि ऐन पेपरात ‘अँटिमनी इकडचं की तिकडचं?’ म्हणून पेनाचं टोपण चावत बसणार. आपल्या घराण्याची सवयच आहे ती.

तुला म्हणून सांगते, हा धडा बोर्डाला सोपा आहे आणि सीईटीला फसवा. सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: चुंबकाला चिकटलं तर फेरोमॅग्नेटिक, नाही चिकटलं तर डायामॅग्नेटिक. मग पॅरामॅग्नेटिक बिचारं कुठे बसवायचं ते कुणालाच कळत नाही आणि मुलं ‘थोडंसं चिकटतं’ असं लिहून मोकळी होतात. तू तसं लिहू नकोस.

त्यापेक्षा जुन्या स्पीकरमधलं ते चकतीसारखं चुंबक घे आणि स्वयंपाकघरात जा. आई झोपली असेल तेव्हा जा, नाहीतर हजार प्रश्न विचारेल. बिडाचा तवा: खटकन चिकटेल. हिंडालियमची कढई: काही नाही. तांब्याचा गडू: काही नाही. काचेची बरणी: काही नाही. आता गंमत बघ. ॲल्युमिनियम पॅरामॅग्नेटिक, तांबं आणि काच डायामॅग्नेटिक. म्हणजे चुंबक एकाला ओढतंय, बाकी दोघांना दूर ढकलतंय, आणि तुझ्या हाताला तिन्ही सारखेच लागतात!

याचं कारण आकड्यांत आहे आणि या धड्यात पाठच करायचं असेल तर तेवढंच कर. तांब्याची चुंबकीय ससेप्टिबिलिटी उणे एक लाखांशाच्या आसपास, पाण्याचीही जवळपास तेवढीच. ॲल्युमिनियमची अधिक दोन लाखांश. आणि मऊ लोखंडाची? हजारांत. तांब्यापासून लोखंडापर्यंत जाताना आकडा दहा कोटी पटींनी आणि त्याहूनही जास्त वाढतो. त्यामुळे घरातलं चुंबक तुला फक्त फेरो ओळखून देतं. उरलेल्या दोघांमधला फरक दाखवायची त्याची ताकदच नाही. पॅरा आणि डाया या दोघांची चिन्हं उलट असली, तरी आकारानं दोघं शेजारीशेजारी आहेत. खरा बाहेरचा आहे तो फेरो.

मोठं क्षेत्र मिळालं की मात्र हे लाखांशसुद्धा दिसायला लागतात. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिवंत बेडूक चुंबकाच्या पोकळीत अधांतरी तरंगवला होता. क्षेत्र होतं १६ टेस्लाच्या आसपास. फ्रीजवर चिकटवायच्या चुंबकाचं टेस्लाच्या काही हजारांशांत असतं. बेडकात मुख्यतः पाणी, पाणी डायामॅग्नेटिक, म्हणून ते ढकललं गेलं. याच गाइमना पुढे २०१० साली ग्राफीनसाठी नोबेल मिळालं. बेडकानं मात्र त्यांना इग-नोबेल मिळवून दिलं होतं, २००० साली. अशी माणसं मला फार आवडतात.

आता सीईटीवाल्यांचा लाडका सापळा. डायामॅग्नेटिझम फक्त डाया पदार्थांत असतो का? नाही. तो सगळ्यांत असतो, अगदी लोखंडातसुद्धा. बाहेरून क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनच्या फिरण्यात असा बदल होतो की तो त्या क्षेत्राला विरोधच करतो. ज्यांचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं असतात, त्यांचे चुंबकीय आघूर्ण एकमेकांना खोडून टाकतात, म्हणून त्यांच्यात हा विरोध तेवढा उरतो. एखादा इलेक्ट्रॉन एकटा राहिला की अणूला स्वतःचं आघूर्ण मिळतं आणि पॅराचा ओढा त्या विरोधावर मात करतो. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या आघूर्णाच्या सिद्धतेतलं उणे चिन्हही याच जागी सांभाळायचं हं. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असल्यामुळे चुंबकीय आघूर्ण आणि कोनीय संवेग विरुद्ध दिशांना असतात. अर्धा मार्क त्या उण्यावरच जातो दरवर्षी.

आणि हो, तुझ्या क्लासच्या सरांनी ॲल्युमिनियमच्या नळीतून चुंबक सोडून दाखवलं, ते हळूहळू खाली आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना? पॅरामॅग्नेटिक आहे म्हणून नळीनं ते धरून ठेवलं, असं तुझ्या मैत्रिणीनं लिहिलंय. चूक. तांब्याच्या नळीतही चुंबक तसंच रेंगाळतं, किंबहुना जास्तच, आणि तांबं तर डाया. दोन उलट चिन्हांच्या धातूंत एकच गोष्ट घडते म्हटल्यावर कारण ससेप्टिबिलिटी असूच शकत नाही. तिथे नळीत एडी करंट तयार होतात आणि लेंझच्या नियमानं पडण्याला अडवतात. तो प्रश्न दुसऱ्या धड्यातला आहे, या धड्यात ओढून आणायचा नाही.

परत स्वयंपाकघरात चल. स्टीलचा डबा घे. बहुतेक चांगल्या डब्यांना चुंबक चिकटणार नाही, आणि चमच्यांना मात्र चिकटेल. आई म्हणेल, ‘चिकटत नाही ते अस्सल.’ तिचं ऐकून घे, पण पेपरात लिहू नकोस. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये दोन-तृतीयांशाहून जास्त लोखंडच असतं, वर आठ-दहा टक्के निकेल. दोघंही एकेकटे फेरोमॅग्नेटिक, आणि एकत्र आले की चुंबकाला ओळख दाखवत नाहीत! कारण निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या मांडणीत फेरोपण टिकत नाही. त्याच डब्याच्या काठावर, जिथे पत्रा दाबून वळवलाय तिथे चुंबक फिरव. किंचित ओढ जाणवेल कदाचित. दाबताना तेवढ्या जागची मांडणी पुन्हा पालटलेली असते. म्हणजे फेरो असणं ही नुसती मूलद्रव्याची जात नाही, अणू कसे बसलेत त्यावरही ते ठरतं. तुझ्या तक्त्यात हे कुठेच नाही, आणि एक्स्टर्नलला हे सांगितलंस तर तो चष्मा काढून तुझ्याकडे बघेल.

आता डोमेन. लग्नाच्या हॉलमध्ये बायकांचे घोळके असतात बघ. घोळक्यातल्या सगळ्या एकीकडे तोंड करून, पण प्रत्येक घोळक्याचं तोंड वेगळीकडे. एकूण हॉलचं लक्ष कुठेच नाही. नवरी दारात आली की आधी काय होतं? दाराकडे तोंड असलेल्या घोळक्यात शेजारच्या घोळक्यांतल्या बायका येऊन मिसळतात, तो मोठा होतो, आणि मग उरलेल्याही वळतात. पिअर वाइस यांनी १९०७ साली डोमेनची कल्पना मांडली. क्षेत्र लावल्यावर सगळे डोमेन एकदम गर्रकन फिरतात असं लिहू नकोस. आधी डोमेनच्या भिंती सरकतात, अनुकूल डोमेन वाढतात, फिरणं नंतर. क्षेत्र काढून घेतलं की मऊ लोखंड बरंचसं मूळ पदावर येतं, पोलाद येत नाही.

हिस्टेरिसिसचा वेटोळा म्हणजे याचाच आलेख, त्यावर मी फार बोलत नाही, तुला तो जमतो. एवढंच लक्षात ठेव की वेटोळ्याचं क्षेत्रफळ म्हणजे दर फेरीला वाया जाणारी उष्णता. गल्लीतल्या डीपीत अशा सेकंदाला ५० फेऱ्या होतात, म्हणून तिथे बारीक वेटोळ्याचं सिलिकॉन-पोलाद लागतं. कायमच्या चुंबकाला मात्र रुंद वेटोळाच हवा.

तापमानावर रविवारी प्रयोग कर. शिवायची सुई चुंबकावर एकाच दिशेनं घासत राहा, टाचणी उचलायला लागेपर्यंत. मग पकडीत धरून गॅसच्या आचेवर लालभडक कर आणि गार होऊ दे. आता टाचणी उचलणार नाही. लोखंडाचं क्युरी तापमान ७७० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४३ केल्विन. त्याच्या वर लोखंड पॅरामॅग्नेटिक होतं, आणि पुन्हा खाली आल्यावर फेरो झालं तरी घोळके पांगलेले असतात. (पकड चांगली धर, बोटं भाजून घेऊन मला फोन करू नकोस. आणि चुंबक मात्र आचेवर धरायचं नाही.)

आपल्या सह्याद्रीनं हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. काळ्या कातळात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यांचं क्युरी तापमान ५८० अंशांच्या आसपास. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होत त्याखाली आला, तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्या कणांनी धरून ठेवली आणि अजून सोडलेली नाही. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या खडकांतल्या या दिशांवर लिहिलं, आणि त्यांतून दिसलं की तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. रिटेंटिव्हिटीची व्याख्या लिहिताना हे आठव, एकदम जिवंत वाटेल.

हाच कातळ दुसरीकडे नडला असता. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांनी सुया हलणार हे उघड होतं, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ साली, मोजमाप अलिबागला नेलं. तिथली इमारत मुद्दाम पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण त्यात चुंबकत्व नाही. इथे ‘चुंबकत्व नाही’ याचा अर्थ फेरो नाही एवढाच, हे आता तुला सांगायला नको. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. त्यातले बारीक चढउतार टिपायचे तर भिंतीतला मॅग्नेटाइट परवडत नाही. अलिबागला गेलीस की किल्ल्याबरोबर हेही लक्षात ठेव.

आणि ते काका ‘मुलींना फिजिक्स जड जातं’ म्हणाले ना, त्यांना पुढच्या वेळी विचार की तुमच्या खिशातला रुपया चुंबकाला का चिकटतो आणि पूर्वीचं तांबं-निकेलचं नाणं का चिकटत नाही. गप्प बसतील.

आता तुझ्यासाठी एक प्रश्न. गॅडोलिनिअमचं क्युरी तापमान २० अंश सेल्सिअसच्या जवळपास आहे. त्याचा एक तुकडा जानेवारीतल्या पहाटे महाबळेश्वरला आणि मे महिन्यातल्या दुपारी नागपूरला ठेवला, तर तुझ्या तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहिशील? आणि नागपुरात त्याची ससेप्टिबिलिटी दुपारी जास्त की रात्री? कारणासकट दोन ओळींत लिही आणि रात्री जेवणानंतर फोटो पाठव, मी जागी आहे.