काटकसर आणि बाजारपेठ यांची सांगड

पीक वाढविणें म्हणजेच शेती सुधारणें, अशी समजूत आमच्या खानदेशांत बरीच रूढ आहे. परंतु पीक वाढूनही नफा हातीं राहत नसेल आणि विहिरीचें पाणी दरसाल खालीं जात असेल, तर त्या वाढीस सुधारणा कशी म्हणावी? निरर्थक खर्च बंद करणें व गिऱ्हाईकास हवा तसा माल देणें, या दोन गोष्टी एकदम साधल्या पाहिजेत. एकीवांचून दुसरी लंगडी होय.

काटकसरीचा विचार आपणांस नवा नाहीं. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवरील बंधाऱ्यांखालीं जमिनीचे फड पाडून, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें व पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावयाचें, अशी फडपद्धति कित्येक पिढ्या चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत ताइची ओनो यांनीं नासाडीचे सात प्रकार गणिले. खोळंबा, विनाकारण वाहतूक, पडून राहिलेला साठा, सदोष माल हे त्यांपैकीं होत. मागणीहून अधिक माल काढणें हा त्यांनीं सर्वांत वाईट ठरविला.

हेच माप केळीच्या बागेस लावून पाहूं. रावेर-यावलकडील केळीं पूर्वी अखंड घडांनीं आगगाडीच्या डब्यांतून उत्तरेकडे जात. दांडा कोणी खात नाहीं, तरी त्याचेंही भाडें भरावें लागे; घडावर घड घासून फळ काळें पडे तें निराळेंच. आतां निर्यातीसाठीं घडाच्या फण्या जागींच वेगळ्या करून, धुवून, पेट्यांत भरतात व सुमारें १३ अंश उष्णमानांत पाठवितात. दांडा शेताजवळच राहून खताच्या उपयोगीं पडतो. जळगांवच्या केळ्यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२१ सालीं तांदलवाडी येथील २२ टन केळीं दुबईस गेलीं.

बाजार ओळखून माल बदलण्याचें उदाहरणही जवळच आहे. जळगांवचे भंवरलाल जैन यांनीं १९७८ सालीं केळ्याच्या भुकटीचा जुना कारखाना विकत घेतला व त्यांत फेरबदल करून पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. भुकटीच्या यंत्रांस त्यांनीं मागणी असलेल्या मालाचें काम दिलें.

यावरून शेतकरी बंधूंनीं काय घ्यावें? ऊतिसंवर्धित रोपांची बाग साधारण अकरा-बारा महिन्यांत, बहुतेक एकाच सुमारास कापणीस येते. म्हणून व्यापाऱ्यास माल कोणत्या महिन्यांत व किती हवा तें आधीं विचारावें, आणि तेथून उलट मोजून लागवड करावी. गांवांतील मंडळींनीं टप्पे वांटून घेतल्यास सर्वांचा माल एकाच आठवड्यांत बाजारावर कोसळणार नाहीं.

एक इशारा मात्र दिल्यावांचून राहवत नाहीं. ठिबकानें वांचलेलें पाणी नव्या एकरांस दिलें, तर विहीर पूर्वीसारखीच आटेल. ती काटकसर नव्हे, उधळपट्टीचेंच दुसरें रूप होय. वांचलेल्या पाण्याचा कांहीं भाग जमिनींतच राहूं द्यावा.

याकरितां प्रत्येकानें एक वही घालावी. तींत पाणी, खत, मजुरी व बाद झालेला माल, असे चार रकाने आंखून दर आठवड्यास नोंद करावी. नासाडी कोठें होते हें वहीच दाखवील; आणि जें दिसलें तें थांबविणें आपल्या हातीं आहे.